विश्लेषण : दीडशे टक्के शुल्क भरून आलेली फ्रेंच वाइन नाशिकच्या उन्हाळ्यात टिकते का?

नाशिकची द्राक्षे शून्य अंशाच्या आसपासच्या थंडाव्यात बसून रॉटरडॅमला जातात. त्याच समुद्रावरून उलट दिशेने येणारी बोर्दो किंवा बर्गंडीची बाटली मात्र मे महिन्यात दुकानाच्या फळीवर उभी राहून चाळीस अंशांची झळ सोसते. या बाटलीचे आत नेमके काय होते, ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे वाक्य नाशिकमध्ये कितपत खरे, आणि दोष हवामानाचा की साठवणुकीचा?

उष्णतेने वाइनमध्ये काय बदलते?

बाटलीत भरून बूच लावले म्हणजे वाइन तयार झाली, असे होत नाही. आम्ले, अल्कोहोल, टॅनिन आणि रंगद्रव्ये यांच्यातील संथ रासायनिक प्रक्रिया पुढे अनेक वर्षे सुरू राहतात. बुचातून अगदी किंचित ऑक्सिजन आत झिरपतो आणि चवीचा तुरटपणा हळूहळू मवाळ होतो. यालाच वाइनचे मुरणे म्हणतात. हे काम नीट व्हायचे तर तापमान १२ ते १४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि वर्षभर जवळपास सारखे असावे लागते.

रसायनशास्त्रातील एका ढोबळ नियमानुसार तापमान १० अंशांनी वाढले, की बहुतेक प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे १४ ऐवजी ३४ अंशांत ठेवलेल्या बाटलीत तो चौपट होईल. मग आठ वर्षांचे मुरणे दोन वर्षांत उरकेल का? तसे होत नाही. प्रत्येक प्रक्रियेचा वेग वेगवेगळ्या प्रमाणात वाढतो. चव मवाळ करणाऱ्या प्रक्रियांच्या आधी फळाचा गंध उडवणाऱ्या आणि रंग तपकिरी करणाऱ्या प्रक्रिया पुढे धावतात. अढीत सावकाश पिकलेला हापूस आणि घाईने पिवळा केलेला आंबा दिसायला सारखेच असतात, फरक कापल्यावर कळतो. तापलेल्या वाइनचेही तेच. ताज्या फळाच्या जागी शिजवलेल्या मुरांब्यासारखा वास येतो आणि चव सपाट होते.

बाटलीचे बूच वर का सरकते?

दुसरा मार शुद्ध भौतिकशास्त्राचा आहे. द्रव तापला की प्रसरण पावतो. ७५० मिलिलिटरची बाटली १५ अंशांवरून ३५ अंशांवर गेली, तर आतील वाइनचे आकारमान साधारण चार-पाच मिलिलिटरने वाढते. ऐकायला हे किरकोळ वाटते; पण बाटलीच्या अरुंद मानेत त्याची उंची दीड-पावणेदोन सेंटिमीटर भरते. वाइन आणि बूच यांच्यामधली मोकळी जागा जवळपास तेवढीच असते. आत दाब वाढतो, बूच वर सरकू लागते किंवा त्याच्या कडेने वाइन पाझरते. रात्री गारवा आला, की द्रव आकुंचन पावतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते.

म्हणून एकदाच सोसलेल्या उष्णतेइतकाच रोजचा चढउतार घातक. नाशिकमध्ये तो मोठा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला भिडतो आणि हिवाळ्यात निफाडला पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. द्राक्षाला यातील थंड रात्री मानवतात, बाटलीतल्या वाइनला हा हेलकावा मानवत नाही.

घराखाली तळघर खणले तर?

हा उपाय हमखास सुचवला जातो. जुन्या नाशकातील वाड्यांच्या जाड भिंती आणि अंधाऱ्या खोल्या उन्हाळ्यात गार लागतात, हे खरेच आहे. पण जमिनीत काही मीटर खोल गेल्यावर मातीचे तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरी तापमानाजवळ स्थिरावते. शँपेन प्रांतातील रँस शहराखाली खडूच्या खडकात कोरलेल्या तळघरांत वर्षभर १० ते १२ अंश असतात, कारण तिथली वार्षिक सरासरीच तेवढी आहे. नाशिकची सरासरी २५ अंशांच्या आसपास. म्हणजे कितीही खोल खणले, तरी निसर्ग इथे २५ अंशांच्या खाली फारसा नेणार नाही.

तळघराने चढउतार थांबतील, पण पूर्ण थंडावा मिळणार नाही. वर्ष-दोन वर्षांच्या साठवणुकीला ते चालेल. वीस वर्षे मुरवायच्या बोर्दोला नाही. फ्रान्समध्ये जे काम जमीन फुकट करते, त्यासाठी नाशिकमध्ये वीज लागते. फ्रेंच पुस्तकातील सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही, त्याचे कारण हे.

पण ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे खरे ना?

बहुतेक वाइनच्या बाबतीत नाही. जगात तयार होणारी बहुतांश वाइन काही वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच बनवलेली असते. फ्रान्सही त्याला अपवाद नाही. दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी ‘बोजोले नुव्हो’ काही महिन्यांत संपवायची असते. प्रोव्हान्सची गुलाबी वाइन वर्ष-दोन वर्षांत उतरणीला लागते. साध्या शँपेनला बाजारात आणण्याआधी किमान १५ महिने आणि विशिष्ट सालाच्या शँपेनला किमान तीन वर्षे तळघरात ठेवणे उत्पादकावरच बंधनकारक आहे. म्हणजे मुरवण्याचे काम तिथेच झालेले असते. इथल्या कपाटात तिला आणखी ‘मुरवणे’ म्हणजे तिची वाट लावणे.

दीर्घकाळ मुरणाऱ्या वाइन असतात, पण थोड्या. बोर्दोमधील १८५५ च्या प्रसिद्ध वर्गवारीतील ‘शातो लातूर’सारखी घराणी (मराठवाड्यातील लातूरशी नाते केवळ नावापुरते), बर्गंडीतील निवडक मळे, सोतर्नची गोड वाइन. यांना भरपूर टॅनिन, आम्ल किंवा साखर यांचा आधार असतो. पण साध्या वाइनला वर्षे घालवून हा आधार येत नाही. परदेशातून आलेल्या पाहुण्याने दिलेली बाटली ‘मुलीच्या लग्नात उघडू’ म्हणून शोकेसमध्ये दहा वर्षे ठेवणे, हा नाशिकच नव्हे तर साऱ्या महाराष्ट्रातील वाइन वाया घालवण्याचा सर्वांत प्रचलित मार्ग आहे.

नाशिकच्या दुकानात येईपर्यंत बाटली काय काय सोसते?

फ्रान्समधील बंदरातून निघालेला कंटेनर उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरात उतरतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजांनी आफ्रिकेला वळसा घातला. म्हणजे जास्तीचे दिवस आणि विषुववृत्त दोनदा ओलांडणे. समुद्रावर तापमान त्यातल्या त्यात सुसह्य असते. खरा प्रश्न जमिनीवर सुरू होतो. भर उन्हात उभ्या असलेल्या साध्या कंटेनरच्या आतील तापमान ५० अंशांच्या पुढे जाऊ शकते. सीमाशुल्काची कागदपत्रे, गोदाम, मग ट्रक, मग कसारा घाट. रेफ्रिजरेटेड कंटेनर महाग पडतो, म्हणून महागड्या मालाला तो मिळतो. मध्यम किमतीच्या वाइनला मिळेलच याची खात्री नाही.

आणि शेवटी दुकान. दर्शनी काच, त्यावर ऊन, माळ्यावर रचलेली खोकी, रात्री शटर ओढले की बंद होणारा एसी. बिअर फ्रिजमध्ये असते, कारण ती थंडच मागितली जाते. त्याहून कितीतरी महाग असलेली वाइन मात्र बाहेर फळीवर शोभेसाठी मांडलेली असते.

यात ग्राहकाचे किती जाते?

२०२१ च्या अर्थसंकल्पात आयात वाइनवर ५० टक्के मूळ सीमाशुल्क आणि १०० टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर, अशी मिळून १५० टक्क्यांची रचना झाली. सीमेवर १,००० रुपये मूल्य असलेल्या बाटलीवर १,५०० रुपये शुल्क, म्हणजे २,५०० रुपये. त्यावर राज्याचे कर, आयातदार, वितरक आणि दुकानदार यांचे नफे. शुल्क आणि करांतील एक पैसाही बाटली थंड राहावी यासाठी खर्च होत नाही. ग्राहक किंमत उंची वाइनची मोजतो आणि घरी नेतो ती शिजलेली वाइन.

याहून मोठे नुकसान दिसत नाही. पहिल्यांदा वाइन घेणाऱ्याला बाटली बिघडलेली आहे हे कळत नाही. ‘वाइनची चव अशीच असते’ असे समजून तो पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. बदनामी वाइनची होते, दोष दुकानाच्या छपराचा असतो. त्याच छपराखाली दिंडोरीची आणि नाशिकचीही बाटली उभी असते, हे इथल्या उत्पादकांनी विसरू नये.

नाशिकला शीतसाखळी नवी आहे का?

इथे हवामानाचा बहाणा टिकत नाही. माल टिकवण्याची विद्या या जिल्ह्याइतकी फार थोड्या ठिकाणी असेल. लासलगाव-निफाडचा शेतकरी उन्हाळ कांदा चाळीत भरताना खालून हवा खेळती राहील हे पाहतो, कारण चार महिन्यांनंतरचा भाव त्यावर ठरतो. निर्यातीचे द्राक्ष सकाळच्या गारव्यात तोडले जाते, पॅकहाऊसमध्ये प्री-कूलिंग करून शेताची उष्णता काही तासांत काढली जाते, पेटीत सल्फर डायऑक्साइडचा कागद टाकला जातो आणि रेफ्रिजरेटेड कंटेनर थेट युरोपातील बंदरात उघडतो. मधे एकदा जरी साखळी तुटली, तरी समोरचा खरेदीदार माल नाकारतो.

वाइनरीतही हेच. १९९० च्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी ‘सुला’ची सुरुवात केल्यानंतर नाशिकमध्ये जी वाइन घडली, ती थंड केलेल्या टाक्यांमुळेच. फ्रान्सच्या मोएट हेनेसी समूहाने २०१३ मध्ये ‘शाँदों’ची स्पार्कलिंग वाइन भारतात आणली, तिचे उत्पादन दिंडोरीत होते. फ्रेंच कंपनी इथे वाइन बनवू शकते, म्हणजे उष्ण हवामानावर तंत्राने मात करता येते हे सिद्ध आहे. अडते ते वाइनरीच्या फाटकाबाहेर आणि बंदराच्या फाटकाबाहेर.

फरक एवढाच, की रॉटरडॅमचा खरेदीदार तापमानाची नोंद मागतो आणि नाशिकचा ग्राहक मागत नाही.

मग घरी काय करावे?

पहिला नियम : लागेल तेवढीच घ्यावी, आणि घेतलेली सहा महिन्यांत उघडावी. शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत खरेदी करावी. घेताना बाटली निरखावी. बूच वर आलेले, आवरणाखाली चिकट ओघळ, वाइनची पातळी मानेच्या खाली उतरलेली, पांढरी वाइन तपकिरीकडे झुकलेली, यांपैकी काहीही दिसले तर घेऊ नये. लवकर पिण्याच्या वाइनसाठी स्क्रू कॅपला कमी लेखू नये. बूच सुकण्याची भीती तिथे नसते.

साधा फ्रिज काही महिन्यांसाठी पुरेसा आहे. त्यातील कोरड्या हवेने बूच हळूहळू सुकते, म्हणून तो वर्षानुवर्षांचा उपाय नाही. पण मे महिन्यातल्या स्वयंपाकघरातील कपाटापेक्षा तो शंभर पटींनी बरा. बाटली भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवावी, दारात नको. गॅसच्या शेगडीजवळ, फ्रिजच्या डोक्यावर, गच्चीखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत बाटली ठेवणे म्हणजे ती बाद करणे.

वाइन कूलर घ्यायचा असेल, तर तो कॉम्प्रेसरचा आहे ना हे विचारावे. छोटे, आवाज न करणारे स्वस्त कूलर बहुधा थर्मोइलेक्ट्रिक असतात. ते खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाऊ शकतात. युरोपातील २५ अंशांच्या खोलीत ते चालतात. नाशिकच्या ४० अंशांत ते धापा टाकतात. काही तास वीज गेली तर घाबरण्याचे कारण नाही, दार मात्र उघडू नये.

घरात साठा करणाऱ्यांनी कायदाही पाहावा. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, वाइनसाठी किमान वय २१ आहे आणि साठ्यावर मर्यादा आहे. म्हणजे घरगुती ‘सेलर’ची हौस इथे हवामानाआधी कायद्याने आटोपशीर ठेवली आहे.

रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यायची ना?

हो, पण कोणत्या खोलीच्या? हा सल्ला जुन्या फ्रेंच घरांचा. तिथे खोली १६ ते १८ अंशांची असे. नाशिकमध्ये मेमधील खोली ३३-३४ अंशांची. त्या तापमानाला रेड वाइनमधील अल्कोहोल नाकात जाते आणि बाकी काही कळत नाही. ‘अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा’ हा सल्लाही थंड देशातला; ३४ अंशांवरून १७ वर यायला फ्रिजमध्ये दीड-दोन तास लागतात.

त्याहून जलद उपाय बादलीचा आहे. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ आणि पाणी एकत्र घ्यावे, कारण पाणी बाटलीला सर्व बाजूंनी भिडते. रेडला दहाएक मिनिटे, पांढऱ्या किंवा स्पार्कलिंग वाइनला वीस मिनिटे. ग्लासात थोडी थोडीच ओतावी. उरलेली रेड वाइनही फ्रिजमध्येच जावी आणि तीन-चार दिवसांत संपावी.

उष्णता मानवणारी वाइन असते का?

असते. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील वाइन पिंपांत भरून भारताकडे येणाऱ्या जहाजांवर चढवली जात असे. उष्ण कटिबंधातून फिरून परतलेली पिंपे अधिक चवदार लागतात, असे लक्षात आल्यावर त्या वाइनला ‘फेरी मारून आलेली’ असे नाव पडले. पुढे बेटावरच तिला तीन महिने ४५ ते ५० अंशांत तापवण्याची पद्धत रुळली. पण तिच्यात वरून स्पिरिट मिसळलेले असते आणि तिची घडणच उष्णतेसाठी असते. साध्या टेबल वाइनला तेच झाले, तर जाणकार ती ‘मदेरासारखी झाली’ म्हणतात, आणि ती स्तुती नसते.

पुढे काय व्हायला हवे?

आयातशुल्क हळूहळू उतरणीला लागले आहे. ऑस्ट्रेलियाबरोबर २०२२ मध्ये झालेल्या करारात १५ डॉलरहून महाग बाटलीवरील शुल्क आधी ७५ टक्के आणि दहा वर्षांत २५ टक्क्यांपर्यंत आणण्याचे ठरले. युरोपीय संघाशी वाटाघाटींतही वाइन हा कळीचा विषय राहिला. शुल्क कमी झाले की बाटल्या वाढतील. साठवणूक तीच राहिली, तर बिघडलेल्या बाटल्याही वाढतील.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटातून वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा वाद पेटला तो ती कुठे विकावी यावर. ते कपाट किती अंशांचे असावे, हा प्रश्न मागेच राहिला. विक्रीचा परवाना देताना आयात आणि स्थानिक, दोन्ही वाइनसाठी तापमानाची साधी अट घालणे शक्य आहे. कमाल २० अंश ठरले, तरी पुष्कळ नुकसान टळेल.

दुसरा उपाय तर प्रत्येक आरोग्यसेविकेला ठाऊक आहे. लशीच्या कुपीवर एक ठिपका असतो. उष्णता जास्त लागली की त्याच्या मधल्या चौकोनाचा रंग गडद होतो आणि कुपी बाद ठरते. पोलिओच्या लशीवर १९९६ पासून ही खूण वापरात आहे. खेड्यातल्या लसीकरण केंद्राला जमते ते हजारो रुपयांच्या बाटलीच्या आयातदाराला जमू नये, असे कारण नाही.

मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे वाइन प्यावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जी वस्तू सरकार कर घेऊन विकू देते, ती विकताना शाबूत असावी, ही मागणी वाजवी आहे. द्राक्षाच्या पेटीबाबत नाशिकने ती केव्हाच मान्य केली. बाटलीबाबत ती करण्याची पाळी आता ग्राहकाची आहे, आणि सुरुवात दुकानदाराला एक प्रश्न विचारून होऊ शकते : ‘ही उन्हाळ्यात कुठे ठेवली होती?’